चौथं विमान : रॉबर्टो क्लेमेंटे आणि मदतीच्या मालाचं वजन

पूर आला, भूकंप झाला की सोलापुरात मदत गोळा व्हायला वेळ लागत नाही. गणेश मंडळं, तालमी, क्रिकेटचे क्लब, बाजार समितीतले हमाल, चादर कारखानदार, सगळे पुढे येतात. अडतं ते गाडी निघाल्यानंतर. माल कुणाच्या ताब्यात गेला, गाडीत किती भरला, सोबत कोण बसलं, हे प्रश्न उशिरा पडतात किंवा पडतच नाहीत. म्हणून हे प्रकरण मुद्दाम दूरचं घेतलं आहे. बेसबॉल सोलापुरात कुणी खेळत नाही आणि रॉबर्टो क्लेमेंटे हे नावही इथं फारसं माहीत नाही. पण ऐन भरात असलेला हा खेळाडू मदतीचा माल घेऊन स्वतः निघाला आणि वाटेतच गेला. त्या नऊ दिवसांचा तपशील न्यायालयाच्या आणि अपघात-चौकशीच्या कागदांत नोंदलेला आहे. त्यामुळे भक्तिभाव जरा बाजूला ठेवून हे प्रकरण तपासता येतं.

माणूस कोण होता

जन्म १८ ऑगस्ट १९३४, प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरचं कॅरोलिना. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम. १९५५ ते १९७२ अशी अठरा वर्षं पिट्सबर्ग पायरेट्स या एकाच अमेरिकन संघाकडून खेळला. मैदानाच्या उजव्या टोकाला उभा राहायचा आणि तिथून त्याची फेक थेट तिसऱ्या तळापर्यंत यायची. फलंदाजीच्या सरासरीत चार वेळा लीगमध्ये पहिला, उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लोव्ह’ सलग बारा वर्षं, १९६६ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू, १९७१ च्या अंतिम मालिकेचा मानकरी. शेवटच्या हंगामात, ३० सप्टेंबर १९७२ ला, त्यानं कारकिर्दीतला ३,००० वा हिट (सुखरूप तळ गाठून देणारा फटका) मारला. सोलापूर-लातूरच्या माणसाला ३० सप्टेंबर ही तारीख किल्लारीमुळे पाठ आहे. किल्लारी अजून एकवीस वर्षं पुढे होती, आणि क्लेमेंटेच्या वाट्यालाही भूकंपच आला, तोही त्याच वर्षी.

काळा आणि वर स्पॅनिश बोलणारा, त्यामुळे अमेरिकेत त्यानं दोन्ही बाजूंनी अपमान गिळला आणि त्यावर तो उघड बोललाही. सुट्टीत घरी आला की गरीब मुलांना शिकवायचा. बेटावर मुलांसाठी क्रीडानगरी उभारायची हे त्याच्या डोक्यात कायम असायचं. म्हणजे डिसेंबर १९७२ मध्ये त्याला एकाएकी समाजसेवेची उबळ आली नव्हती.

२३ ते ३१ डिसेंबर

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथं हौशी संघांची जागतिक स्पर्धा झाली. प्वेर्तो रिकोच्या संघाचा व्यवस्थापक म्हणून क्लेमेंटे तिथं काही आठवडे राहिला. बाजारात हिंडला, इस्पितळात गेला, दोन्ही पाय गमावलेल्या एका मुलासाठी कृत्रिम पायांची खटपट केली. तो घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत, २३ डिसेंबरला मध्यरात्री साडेबाराच्या सुमारास, मानाग्वाखाली जमीन हलली. तीव्रता सव्वासहाच्या आसपास, म्हणजे किल्लारीच्याच पट्टीतली. केंद्र शहराच्या अगदी पायाखाली आणि उथळ, त्यामुळे शहराचा मधला भाग कोसळला, नंतर आगी लागल्या, आणि पाण्याचे नळ फुटल्यानं त्या विझेनात. मृतांचे अंदाज चार हजारांपासून अकरा हजारांपर्यंत दिले जातात. अडीच लाखांहून जास्त लोक बेघर झाले. मोठी इस्पितळंही निकामी झाली होती.

प्वेर्तो रिकोची राजधानी सान हुआनमध्ये मदत समिती उभी राहिली. क्लेमेंटे तिचा प्रमुख, सोबत गायिका रूथ फर्नांडेझ. रेडिओ-टीव्हीवरून आवाहन झालं आणि हिराम बिथॉर्न स्टेडियम हे संकलन केंद्र ठरलं. ही निवड शहाणपणाची होती. स्टेडियम सगळ्यांना माहीत असतं, गाड्या आत येतात, माल छपराखाली ठेवता येतो आणि एकाच फाटकावर मोजदाद होते. आपल्याकडे हेच काम पार्क स्टेडियम किंवा होम मैदान करू शकतं. चौकाचौकात टेबलं मांडली की किती माल आला हेच कुणाला सांगता येत नाही. क्लेमेंटेनं नाताळ तिथंच काढला. हा माणूस नुसतं नाव देऊन घरी बसला नाही, स्वतः खोकी उचलत होता.

विमानाच्या तीन फेऱ्या झाल्या, जहाजाचीही व्यवस्था झाली. मग तिकडून बातम्या यायला लागल्या की माल लोकांपर्यंत पोचत नाही.

माल कुठे अडला

हा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं यातून निघतं. निकाराग्वाची सूत्रं हुकूमशहा अनास्तासिओ सोमोझाच्या हातात होती. भूकंपानंतर त्यानं आणीबाणी समितीचा ताबा घेतला, आणि विमानतळावर उतरणारा परदेशी माल त्याच्या नॅशनल गार्डच्या, म्हणजे देशाच्या सैन्याच्या, ताब्यात जाऊ लागला. गार्डमधल्यांनी शहरात लूटही केली. मदतीच्या वस्तू नंतर विकल्या गेल्या. १९७९ मध्ये सोमोझाची राजवट उलथली, त्यामागे लोकांचा जो राग साठला होता त्याची सुरुवात अनेक अभ्यासक या भूकंपाच्या मदतीपासूनच करतात.

मदतीच्या साखळीत तीन टप्पे असतात: गोळा करणं, नेणं, वाटणं. सान हुआनच्या समितीचा पहिला टप्पा उत्तम होता. तुटला तिसरा. तिकडे उतरवून घेणारा आपला माणूस, ठरलेलं गोदाम, ठरलेली वाटपाची जागा, यांतलं पुरेसं काही हाताशी नव्हतं. समितीनं ‘मानाग्वाला माल पाठवला’, पण मानाग्वात कुणाला पाठवला, या प्रश्नाला विमानतळाच्या पुढे ठाम उत्तर नव्हतं. आणि ज्या साखळीचं शेवटचं टोक कुणाच्याच हातात नसतं, ते टोक बंदूकवाल्याच्या हातात जातं.

क्लेमेंटेनं त्यावर एकच उपाय काढला: मी स्वतः जातो. मी उभा असेन तर माझ्यासमोर कुणी खोकं पळवणार नाही.

हा निर्णय भावनेचा होता असं म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. बेसबॉल हा निकाराग्वाचा लाडका खेळ. गार्डच्या शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळे त्याला ओळखत. जिथं पावती, शिक्का, नियम कशालाच किंमत नाही तिथं ओळखीचा चेहरा हीच पावती होते. ते काम दुसरा कुणी करू शकला नसता. म्हणून ‘त्यानं जायलाच नको होतं’ हा निष्कर्ष आम्हाला पटत नाही. जायचं ठरलं ते ठीक. कशातून जायचं हे ठरवताना सगळं बिघडलं.

विमान

विमानतळावर माल उरला होता, आणि तो न्यायला चार हजार डॉलरमध्ये जाऊन-येऊन विमान देतो म्हणून एक मालक पुढे आला. हे चौथं विमान म्हणजे डग्लस डीसी-७, चार पंख्यांच्या इंजिनांचं, मालवाहू केलेलं. जेट विमानं आल्यावर ही विमानं प्रवासी कंपन्यांनी काढून टाकली होती आणि छोटे धंदेवाईक ती स्वस्तात घेऊन मालासाठी चालवत. हे विमान २ डिसेंबरला सान हुआनच्या विमानतळावरच जमिनीवर चालत असताना रस्ता सोडून काँक्रीटच्या चरात गेलं होतं. पंखे आणि इंजिनं, दोन्हींना मार बसला होता. चार आठवड्यांत त्याची डागडुजी झाली. बाहेरून रंग नवा दिसत होता. मालकावर विमान-प्रशासनाची आधीच कारवाई झालेली होती. यातलं काहीही समितीनं विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नसतं.

दुसरा दोष माणसांचा. अशा विमानाला तिघं लागतात: वैमानिक, सहवैमानिक आणि इंजिनांवर लक्ष ठेवणारा उड्डाण-अभियंता. वैमानिक अनुभवी होता, पण ऐनवेळी मिळवलेला. सहवैमानिकाच्या खुर्चीत मालक स्वतः बसला, आणि त्याच्याकडे या जातीच्या विमानाची पात्रता नव्हती. अभियंत्याच्या जागी एक मेकॅनिक घेतला, त्याच्याकडे उड्डाण-अभियंत्याचा परवाना नव्हता. कागदावर तीन माणसं पूर्ण. कामाला पूर्ण एकच.

तिसरा दोष वजनाचा. चौकशीत निघालेला आकडा असा: परवानगी होती त्यापेक्षा सुमारे ४,२०० पौंड जास्त, म्हणजे १,९०० किलो. सोलापूरच्या भाषेत सांगायचं तर अडीच छोटा हत्ती भरून माल जादा. मदतीत असं जवळजवळ नेहमी होतं, त्याचं कारण लोभ नसतो. उरलेलं खोकं मागे ठेवायला मन होत नाही. देणारा समोर उभा असतो, खोक्यावर त्याच्या मुलाचं नाव लिहिलेलं असतं. भाड्याच्या मालात मालवाला किलोकिलोचे पैसे देतो, म्हणून तिथं वजन होतं. दानाच्या मालाचे कुणीच पैसे देत नाही, म्हणून कुणी वजनही करत नाही.

चौथा दोष वेळेचा. ३१ डिसेंबरला दुपारी निघायचं ठरलेलं विमान उशीर करत करत संध्याकाळी धावपट्टीकडे गेलं, इंजिनाच्या तक्रारीनं परत आलं, काही तास दुरुस्ती झाली आणि रात्री ९ वाजून २० मिनिटांनी ते उडालं. तोवर अंधार पडलेला, वर्षाची शेवटची रात्र, आणि समोर सुमारे सव्वादोन हजार किलोमीटर, बहुतेक समुद्रावरून. परत येणं हा इशारा होता. पण ज्यानं दिवसभर वाट पाहिली आहे त्याला दुरुस्ती झाली की ‘आता निघू या’ एवढंच ऐकू येतं.

विमानाला फारशी उंची मिळालीच नाही. उड्डाणानंतर तीन मिनिटांच्या आत ‘परत येतोय’ असा संदेश मनोऱ्याला मिळाला आणि विमान किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर समुद्रात पडलं. पाचही जण गेले. क्लेमेंटे ३८ वर्षांचा होता. त्याचा मृतदेह मिळाला नाही. संघातला यष्टिरक्षकासारखं काम करणारा त्याचा मित्र मॅनी सांगियेन पिट्सबर्ग संघाच्या श्रद्धांजली सभेला गेला नाही. तो सान हुआनच्या समुद्रात बुड्या मारून शोधत होता.

चारही दोष एकमेकांत अडकलेले आहेत. मार खाल्लेलं इंजिन हलक्या विमानात कदाचित निभावून गेलं असतं. जड विमानाचं एक इंजिन बंद पडलं तरी सराव असलेले तिघं कदाचित ते वळवून आणू शकले असते. एका दोषानं सहसा कुणी मरत नाही. इथं चारही दोष एकाच रात्री एकत्र आले, आणि प्रत्येकाला आत यायला दार एकाच घाईनं उघडलं होतं.

न्यायालयात काय झालं

घरच्यांनी अमेरिकन सरकारवर दावा लावला. विमानतळावरच्या निरीक्षकांनी उडण्यापूर्वी हे विमान तपासायला हवं होतं, तसा विभागाचा आदेशही होता, असा त्यांचा मुद्दा. खालच्या न्यायालयानं तो मान्य केला. १९७७ मध्ये अपील न्यायालयानं उलट निकाल दिला: तो आदेश म्हणजे खात्याची अंतर्गत व्यवस्था, त्यातून प्रवाशाला इशारा देण्याचं कायदेशीर बंधन सरकारवर येत नाही. विमान सुरक्षित ठेवायची जबाबदारी चालवणाऱ्याची. सर्वोच्च न्यायालयानं प्रकरणात हात घातला नाही.

निकाल कठोर वाटतो. पण मदत करणाऱ्या कुठल्याही मंडळानं त्यातून घ्यायचं ते स्पष्ट आहे. आरटीओ गाडी अडवेल, पोलीस बघतील, असं गृहीत धरून गाडी ठरवायची नाही. आपद्ग्रस्तांसाठी माल असं फडकं समोर बांधलेली गाडी तर नाक्यावर उलट हात दाखवून सोडली जाते.

खेळाच्या जगानं त्याला भरभरून मान दिला. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायचा नियम बाजूला ठेवून १९७३ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. समाजकार्य करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी मिळणारा पुरस्कार आता त्याच्या नावानं आहे. पत्नी व्हेरानं कॅरोलिनातली क्रीडानगरी उभी करून चालवली. आपल्या सोलापूरला हा मामला अपरिचित नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. दूरच्या अनोळखी लोकांसाठी जीव गेलेल्या माणसाबद्दल गावाला काय वाटतं हे इथं समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की कोटणीस एका तयार वैद्यकीय पथकातून गेले होते. मागे संघटना होती, पुढे काम ठरलेलं होतं. क्लेमेंटेच्या चौथ्या विमानामागे ते नव्हतं.

सीनाकाठी हेच गणित

आता हे प्रकरण सोलापूरच्या जमिनीवर ठेवू. सप्टेंबर २०२५ च्या सीना नदीच्या पुरानं करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतली गावं पाण्यात गेली. अशा वेळी शहरातून निघालेल्या गाड्यांचं काय होतं हे ठरलेलं आहे. लांबोटी, तिऱ्हे, वडकबाळ अशी पुलाजवळची, डांबरी रस्त्यावरची गावं आधी लागतात आणि गाड्या तिथंच रिकाम्या होतात. आत चार किलोमीटरवरच्या वस्तीवर काहीच जात नाही, कारण रस्ता चिखलाचा आणि गाडी जड. इथं सोमोझा नाही, नॅशनल गार्ड नाही. पण शेवटचं टोक मोकळं असलं की माल जवळच्या हातात जातो, एवढं मात्र मानाग्वासारखंच.

म्हणून काम उलट्या टोकाकडून सुरू करायचं. आधी गाव, मग वस्ती, मग घरांची यादी, आणि गाडी सगळ्यात शेवटी. यादी कुणाची घ्यायची? सरपंचाची एकट्याची घेतली तर विरोधी पार्टीची घरं गळतात, हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंकडे घरटी माणसांची नोंद असते, पाळण्यातल्या पोरापासून. त्यांची यादी मुख्य धरावी, पोलीस पाटील आणि शाळेच्या गुरुजींकडून ताडून घ्यावी, आणि तहसील कार्यालयाच्या पूर नियंत्रण कक्षाला फोन करून त्या गावात आणखी कोण येतंय हे विचारावं. नाहीतर एका दिवशी तीन मंडळांचे संच एकाच शाळेत पडतात. गावकीत न मोडणाऱ्या शेतवस्त्या, ऊसतोड मजूर आणि वीटभट्टीवरची कुटुंबं कुठल्याच यादीत नसतात. ती मुद्दाम विचारून घालावी लागतात.

यादी झाली की एका घराला एक चिठ्ठी. आदल्या दिवशी सेविकेनं ती घरोघर द्यावी, त्यावर यादीतला क्रमांक आणि मंडळाचा शिक्का. वाटताना चिठ्ठी घेऊन संच द्यायचा आणि यादीवर सही किंवा अंगठा घ्यायचा. चिठ्ठीशिवाय आलेल्याला हाकलायचं नाही, त्याचं नाव वेगळ्या कागदावर लिहायचं. त्यासाठी शंभरामागे पाच-सहा संच जादा ठेवले की भांडण होत नाही.

संचाचं वजन कागदावर नाही, तराजूवर करायचं. पाच माणसांच्या घराला आठवडाभराचा साधा संच असा बसतो: ज्वारीचं पीठ ५ किलो, तांदूळ ३, तूरडाळ, साखर आणि मीठ एकेक किलो, तेलाची एक लिटरची पिशवी, चहा आणि तिखट पाव-पाव किलो, शेंगा चटणी अर्धा किलो, साबण अर्धा किलो, मेणबत्त्या-काडेपेट्या पाव किलो. हे झालं पावणेचौदा किलोच्या आत-बाहेर. त्यात दोन सोलापुरी चादरी घातल्या की आणखी अडीच किलो. म्हणजे एक संच सव्वासोळा किलो. छोट्या हत्तीची क्षमता साधारण पाऊण टन, त्यात ४६ संच बसतात. प्रत्यक्षात लोक त्यात शंभर घालतात, कारण हौद्यात जागा असते. चादरी हलक्या दिसतात आणि पीठ खाली दबून बसतं, त्यामुळे डोळ्याला वजन कळत नाही. शंभर संच म्हणजे सव्वासोळाशे किलो. त्याला ४०७ सारखा टेम्पो लागतो किंवा छोट्या हत्तीच्या तीन फेऱ्या.

पाण्याचे जार हा सगळ्यात मोठा फसवा माल. वीस लिटरचा एक जार म्हणजे वीस किलो. घरटी एक धरला तरी शंभर घरांना दोन टन. पाणी टँकरनं जाऊ द्या, संचात मेडिक्लोरची (पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या थेंबांची) बाटली टाका आणि ती कशी वापरायची हे वाटताना तोंडी सांगा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत कोरडा शिधा निरुपयोगी असतो, ही चूक दरवेळी होते. घरात चिखल, चूल वाहून गेलेली, सरपण ओलं. त्या दिवसांत कडक भाकरी आणि शेंगा चटणी पाठवायची. कडक भाकरी पाणी लागू दिलं नाही तर आठवडे टिकते, वजनाला हलकी, आणि इथं शहरात बचत गटांकडून एका दिवसात हजारांनी मिळते. मात्र ती पोत्यात भरली की चुरा होतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात उभी रचून, आतून प्लॅस्टिक लावून पाठवावी. जुने कपडे घेऊच नयेत. ओले होतात, कुबट होतात, निवडायला माणसं लागतात आणि शेवटी शाळेच्या व्हरांड्यात ढीग राहतो. देणाऱ्याला नाही म्हणणं जड जातं, पण चौथ्या विमानातल्या जादा खोक्यांचं वजनही असंच साठलं असणार.

गाडी ठरवताना आरसी पुस्तक मागा. त्यावर रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही असतं, वजाबाकी केली की किती भरायचं ते कळतं. फिटनेस, विमा आणि ड्रायव्हरचा परवाना यांचे फोटो मोबाईलवर घ्या, तारखा वाचा. फुकट मिळालेल्या गाडीचे कागद दुप्पट काळजीनं बघा. पैसे देत नसलो की विचारायचा संकोच वाटतो, आणि सान हुआनला स्वस्तात मिळालेल्या विमानाबाबत हेच घडलं. टायर बघा, जॅक-स्टेपनी आहे का बघा. भरल्यावर गाडी वजनकाट्यावरून न्या. बाजार समितीच्या परिसरात, एमआयडीसीत आणि हायवेला काटे आहेत, दहा मिनिटांचं काम. काट्याची चिठ्ठी यादीला टाचून ठेवा. जास्त भरलं तर त्याच जागी उतरवा आणि उतरवलेला माल कुठल्या फेरीत जाणार हे तिथंच लिहा. असं लिहिलं की देणाराही रुसत नाही.

मालावर पोरं बसवायची नाहीत. मालवाहू गाडीत माणसं बसवणं नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या भरपाईचा घोळ होतो तो वेगळाच. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि रस्ता माहीत असलेला एक माणूस पुरे. बाकीचे वेगळ्या गाडीनं. रात्री निघायचं नाही. पुराच्या पाण्यानं कडेचा भराव खचलेला असतो, वर डांबर शाबूत दिसतं. दुपारी दोनपर्यंत गाडी भरून झाली नाही तर ती सकाळी सहाला सोडा. गाडीनं वाटेत एकदा तक्रार केली तर दुरुस्ती झाली तरी त्या दिवशी पुढे न्यायची नाही, माल दुसऱ्या गाडीत घ्या. या शेवटच्या नियमाला सगळ्यात जास्त विरोध होतो, आणि कुठलाच नियम इतका कामाचा नाही.

नावाजलेला खेळाडू सोबत असेल तर त्याचं काय करायचं? जिल्ह्यातल्या पैलवानाला, खो-खोच्या किंवा क्रिकेटच्या खेळाडूला पोरं देव मानतात. त्याला टेम्पोला झेंडा दाखवायला उभं करणं म्हणजे त्याचं नाव वाया घालवणं. गोळा करायला त्याच्या नावाचा उपयोग आहेच, पण खरा उपयोग वाटपाच्या टोकाला आहे, जिथं क्लेमेंटे पोचू शकला नाही. त्यानं स्वतंत्र गाडीनं, मालाच्या तासभर आधी गावात पोचावं. शाळेच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसावं, यादी हातात घ्यावी आणि क्रमांक स्वतः पुकारावेत. त्याच्यासमोर कुणी दोन संच मागत नाही, आणि गावपुढारीही ‘आमच्या माणसांना आधी’ म्हणायला कचरतो. यादीत नसलेल्या वस्तीवर चालत जाऊन नावं लिहून आणायचं कामही त्यालाच द्यावं, कारण त्याला बघायला लोक आपणहून बाहेर येतात. फोटो घ्यायचेच असतील तर ते यादी पुकारतानाचे घ्या, बाईच्या हातात पिशवी देतानाचे नकोत. संध्याकाळी उरलेले संच, आलेल्या चिठ्ठ्या आणि यादीवरच्या सह्या जुळवून त्याच्याच सहीनं हिशेबाचा कागद शाळेच्या फळ्यावर लावायचा आणि एक प्रत सेविकेकडे ठेवायची.